समेच्या अलीकडे

२०३६च्या पुरात कासारघाटचा भोंगा एकेचाळीस मिनिटं वाजला आणि तरी सतरा माणसं गेली. चौकशीत वाचलेल्यांपैकी जवळजवळ प्रत्येकानं एकच सांगितलं, की भोंगा वाजलाच नाही. नगरपरिषदेच्या यंत्रात तो वाजल्याची नोंद होती. नदीपलीकडच्या गावानं तो ऐकला होता. एका दुकानदारानं चढत्या पाण्याचं चित्रण केलं होतं, त्यात त्याच्याच बोलण्यामागे भोंगा खणखणीत वाजत होता. ते ऐकवल्यावर दुकानदार बराच वेळ खाली बघत राहिला. त्या चौकशीत कोणीही खोटं बोललं नव्हतं.

भोंगा रोज सकाळी अकराला चाचणीसाठी वाजायचा. सहा वर्षं, रोज, एकाच सुरात. गावाला तो ऐकू येणं केव्हाच बंद झालं होतं.

यावर उपाय शोधण्याचं काम श्रवणशास्त्रज्ञ रेहाना मुजावर हिच्याकडे आलं. तिनं सगळ्यात आधी फोन केला तो शैलजा गुरवला. शैलजा मूळची कासारघाटची. पुण्यात गेली पंचवीस वर्षं ती मालिकांची शीर्षकगीतं करत होती.

“माझंच नाव कसं सुचलं?” शैलजानं विचारलं.

“तुमचं एक गीत पाच वर्षं रोज लागत होतं. ते लागलं की माझी आई कुकर बंद करून यायची.”

“आणि माझी बाकीची गीतं लागली की लोक पाणी भरायला उठायचे. म्हणजे मी दोन्ही बाजूंची तज्ज्ञ आहे म्हणा ना.”

रेहाना हसली नाही. तिला नेमकं हेच हवं होतं.

मेंदू सतत पुढचा अंदाज बांधत असतो. आलेला आवाज अंदाजाशी जुळला, की तो त्याची दखल घेत नाही. मनगटावरचं घड्याळ त्वचेला जाणवत नाही, तसंच हे. मग रोज नवा आवाज वाजवावा, तर तेही चालत नाही. ज्यात काहीच परत येत नाही, त्याचा मेंदूला अंदाजच बांधता येत नाही. दोन दिवसांत तो प्रयत्न सोडून देतो आणि सगळ्याचा गोंगाट करून टाकतो. जागं ठेवायचं तर आधी अंदाज बांधू द्यायचा आणि मग तो मोडायचा. ओळ दोनदा जशीच्या तशी आणायची, तिसऱ्यांदा वळवायची. चाल लावणारे लोक हे पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. कितव्यांदा वळवायचं, हे ते कानानं ठरवतात आणि निम्म्या वेळा चुकतात.

रेहानाच्या यंत्राचं नाव होतं ‘अनवट’. गावातल्या चारशे स्वयंसेवकांच्या कानामागे मुगाच्या दाण्याएवढं एक उपकरण चिकटवलेलं होतं. अनपेक्षित सूर आला, की पाव सेकंदाच्या आत मेंदूत एक ठरावीक लहर उठते. ती किती जणांच्या मेंदूत उठली, ते हे उपकरण कळवी. त्या आकड्याला रेहानानं नाव दिलं होतं ‘दखल’. जुन्या भोंग्याची दखल होती शेकडा नऊ. सत्तरच्या खाली गेलेली धून पुराच्या कामाची नाही, असा तिचा हिशोब होता. शैलजानं साठ तुकडे आणि ते एकमेकांत गुंफायचे नियम करून द्यायचे. कोणता तुकडा किती वेळा परत आणायचा आणि कुठे मोडायचा, हे दखल बघून अनवट रोज ठरवणार होतं.

शैलजाची एकच अट होती. रचनेत तिनं कुलूप घातलेली जागा यंत्रानं बदलायची नाही, आणि ते कुलूप फक्त तिच्या अंगठ्यानं उघडायचं. करारात हे कलम घालून घ्यायला ती तीन महिने भांडली.

धून सनईवर वाजवायची, हेही तिनंच ठरवलं. सनईचा आवाज पाण्यावरून लांब जातो. आणि सनई म्हणजे विश्राम. तो तिचा थोरला भाऊ. घाटावरच्या देवळात तो रोज सकाळ-संध्याकाळ वाजवायचा, वडील, म्हणजे अण्णा, वाजवायचे तसा.

ध्वनिमुद्रण गावच्या शाळेच्या हॉलमध्ये झालं. पहिला तुकडा संपला. विश्रामनं सनई ओठांना लावलेलीच ठेवली.

“झालं दादा. पुढचा घे.”

“झालं कुठं? सा आला न्हाई अजून.”

“यायचा नाहीये.”

“यायचा न्हाई म्हंजे? समेच्या तोंडाशी आणून सोडून द्यायचं?”

तालाचं आवर्तन फिरून जिथे येतं ती सम. ऐकणाऱ्याची मान तिथे आपोआप हलते. गुरवांच्या घरात समेवर न येता थांबणं म्हणजे ताटावरून अर्धपोटी उठण्यासारखं होतं.

“माणूस थांबून राहायला हवा, दादा. आता येईल, आता येईल म्हणून. आला की तो परत कामाला लागतो.”

“अण्णांनी ऐकलं असतं, तर कानाखाली वाजवली असती.”

“कोणाच्या?”

“दोघांच्या बी.”

तरी तो वाजवू लागला. पण प्रत्येक तुकडा तोडल्यावर क्षणभर थांबून तो हलकेच सा लावून मोकळा व्हायचा. पाचव्या तुकड्यानंतर रेहानानं कानावरचे हेडफोन काढले. “विश्रामकाका, सा नका लावू हो.”

“मी कुठं लावतोय? तो लागतोय.”

शेवटी साठच्या साठ सा नंतर कापून टाकावे लागले. रेहाना काही फेकून देत नसे. तिनं ते ‘कात्रणं’ नावानं जपून ठेवले.

पुराच्या पुढच्या वर्षी सप्टेंबरपासून धून वाजू लागली. सकाळी अकराला, वीस सेकंद. पहिल्या महिन्याची दखल होती शेकडा चौऱ्याण्णव. तिसऱ्या महिन्यातही चौऱ्याण्णवच. रेहानाला दोन परदेशी परिषदांची बोलावणी आली.

गावाला मात्र ती चावू लागली. न्हाव्यानं एकाचा कल्ला कापला. अकराच्या तासाला शाळेत गणित ठेवणं बंद झालं. घाटाच्या गल्लीतले दत्तूशिंपी धून तुटली की शिट्टीवर स्वतःच सा लावायचे, मग गल्ली हसायची आणि कामाला लागायची. पण दत्तूशिंपी बाहेरगावी गेले की दिवसभर सगळ्यांच्या कपाळावर आठी असायची.

“आजबी दूध उतू गेलं,” सुरेखावहिनी फोनवर म्हणाली. ती विश्रामची बायको. दोघांचं घर घाटाच्या गल्लीत, नदीपासून तिसरं. “अकराला तापवायचं न्हाई असं ठरवलं, तर चहा जातोय. तुझी ती पिडा वाजली, की हात जागच्या जागी थांबतोय बघ.”

“म्हणजे ऐकू येते आहे, वहिनी.”

“ऐकू येतीया? अगं, डोक्यात बसून राहतीया दिवसभर. भाकरी थापताना आपली वाट बघायची, पुढं काय म्हणून. गल्लीतल्या बायका काय म्हणतात, ठाव हाय? गुरवाच्या घरातनं आलीया ही, त्यांनीच घालवावी.”

शैलजानं ते हसण्यावारी नेलं. जानेवारीत एका लग्नाला ती गावी आली, तेव्हा तिला कळलं की हे हसण्यासारखं नाही.

मुलीकडच्या घरात दोन पिढ्या विश्रामच वाजवत आला होता. कार्यालयात पाहुणे बसले होते, आत नाश्त्याची पंगत चालू होती. विश्रामनं पहिला सूर लावला आणि खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. माणसं उभी राहिली. पंगतीतले लोक हातातला घास हातात ठेवून उठले. एका बाईनं मूल काखेत घेतलं. सगळ्यांच्या माना नदीच्या दिशेला वळल्या होत्या. मग एकेकाच्या लक्षात आलं, कोणीतरी ओशाळून हसलं, आणि मंडळी बसली. विश्रामनं दुसरी ओळ घेतली. तेच लोक पुन्हा उठले.

कारण शैलजाला तिथल्या तिथे समजलं. धून रोज बदलत होती. त्यात न बदलणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे विश्रामच्या सनईचा आवाज. मेंदूंनी तोच धरून ठेवला होता.

मुलीचे वडील नारळ आणि शाल घेऊन आले. मुहूर्ताला अजून अर्धा तास होता. “तात्या, राग मानू नका,” ते विश्रामला म्हणाले. “लेकरं घाबराय लागल्यात.” मुहूर्ताला फोनवरची सनई लावली. कोणा परक्याची.

घरी आल्यावर विश्रामनं सनई पुसली, पत्ती काढून डबीत ठेवली आणि तो भिंतीला टेकून बसला. वहिनीनं पाणी आणलं, ते त्यानं घेतलं नाही.

“दिवाळीपासनं हातचं गेलेलं हे तिसरं लगीन,” वहिनी शैलजाला म्हणाली. “तुला सांगितलं न्हाई त्यांनी. देवळात बी सकाळी वाजवू नका म्हणाले. लोकांच्या छातीत धडकी भरते म्हणं.”

“दादा?”

विश्रामनं मान वर केली. “साठ सा कापलेस माझे. एक तरी परत लाव, शैला. मला गावात उभं ऱ्हायला जागा दे.”

दुसऱ्या दिवशी शैलजानं रेहानाला एक कात्रण मागितलं.

“कशाला?”

“धून संपली की लावायचं. मधलं सगळं तसंच राहील. मोडतोड, वळणं, सगळं. फक्त शेवटी सा. दोन सेकंदांचं काम.”

“ताई, शेवट ठाऊक झाला की मेंदू मधलं ऐकत नाही.”

“मी पंचवीस वर्षं चाली करते आहे, रेहाना.”

“म्हणूनच सांगते. गाणं ऐकायला बसलेला माणूस मधलं ऐकतो, कारण त्याला गाणं हवं असतं. इथं कोणाला ते नकोच आहे. सगळे सुटकेची वाट बघतात. सुटका होणार हे एकदा कळलं, की ते कशाला ऐकतील?”

“चौऱ्याण्णव आहेत. अठ्ठ्याऐंशीवर येतील. तुमची रेघ सत्तरला आहे ना?”

“हा आकडा पायरीपायरीनं उतरत नाही.”

“माझा भाऊ घरात बसलाय.”

रेहानानं कात्रण काढून दिलं. शैलजानं सा लावला, त्यावर कुलूप घातलं आणि काचेवर अंगठा टेकवला.

पहिल्या दिवशी अकरा वाजून बावीस सेकंदांनी सगळ्या गावानं श्वास सोडला. दत्तूशिंप्यांची शिट्टी ओठातच राहिली. मार्चमध्ये नगरपरिषदेनं शैलजाचा सत्कार केला. तक्रारवही दोन महिने कोरी होती आणि अध्यक्षांनी ती व्यासपीठावरून उघडून दाखवली. विश्रामला लग्नं मिळू लागली. लोक हौसेनं ‘ती अकराची’ वाजवायला सांगत, आणि तो वाजवी, सा लांबवून, मान डोलावून. सुरेखावहिनी भांडी घासताना ती गुणगुणायची. “आता घरातल्यावाणी झाली बघ,” ती म्हणायची. पुण्यात शैलजाही रोज अकराला ती फोनवर लावून आपलं काम करत बसायची.

एप्रिलमध्ये दखल एक्क्याण्णव होती. मेमध्ये नव्वद. शैलजानं रेहानाला एक हसरा चेहरा पाठवला. जूनच्या शेवटी आकडा त्र्याहत्तर झाला, आणि रेहानानं कुलूप उघडण्याबद्दल लिहिलं. शैलजानं कळवलं की दादाला आणखी दोन लग्नांची सुपारी आहे, आषाढ लागू दे. आषाढ लागला. जुलैच्या मध्यावर आकडा एकोणपन्नास होता. रेहानानं नगरपरिषदेला लिहिलं. नगरपरिषदेनं कळवलं की नागरिक समाधानी आहेत, आणि बदल करण्याचा अधिकार करारानुसार रचनाकाराचा आहे. रेहानानं तेच पत्र शैलजाला पुढे पाठवलं, वर लाल खूण करून. त्या आठवड्यात शैलजाकडे नव्या मालिकेचं काम होतं. रविवारी निवांत बघू, असं तिनं ठरवलं. तो रविवार गेला, पुढचाही गेला. पत्र उघडायचं म्हणजे दादाला फोन करायचा, आणि दादाला काय सांगायचं ते तिला ठरवता येत नव्हतं.

कासारघाटच्या वर, डोंगरात, तारकी नदीवर एक धरण आहे. दहा ऑगस्टला, मंगळवारी दुपारी, त्याच्या वरच्या खोऱ्यात ढगफुटी झाली आणि सगळे दरवाजे एकदम उघडावे लागले. तिथून पाणी घाटाच्या गल्लीत पोचायला बरोबर एक तास लागतो. एक वाजून तीस मिनिटांनी अनवट सुरू झालं. ते थांबलं अडीचला, घाटावरचा कर्णा पाण्याखाली गेल्यावर.

नऊ माणसं गेली. सगळी घाटाच्या गल्लीतली. त्यांत दत्तूशिंपी होते आणि सुरेखावहिनी होती.

चौकशी गावच्या त्याच शाळेच्या हॉलमध्ये झाली, जिथे तुकडे वाजवले होते तिथेच. वाचलेल्यांपैकी जवळजवळ प्रत्येकानं सांगितलं, की धून वाजलीच नाही. यंत्रातली नोंद वाचून दाखवली गेली. लोकांनी ती ऐकून घेतली आणि पुन्हा तेच सांगितलं.

मग चौकशी अधिकाऱ्यांनी शैलजाला उभं केलं.

“त्या दुपारी तुमच्या वहिनींचा तुम्हाला फोन आला होता?”

“हो. एक चाळीसला. साधंच बोलणं झालं.”

“मागे काही ऐकू आलं?”

“नाही.”

त्या सुमाराला फोनवरचं सगळं बोलणं आपोआप साठवलं जात असे. अधिकाऱ्यांनी ते लावलं. अकरा मिनिटांचं होतं. वहिनी गौरीच्या फराळाचं विचारत होती, करंज्या करू की अनारसे, आणि तू नक्की येतीस का. तिच्या आवाजामागे, भिंतीपलीकडे असावी इतकी स्पष्ट, सनई वाजत होती. बावीस सेकंदांची धून, संपून लगेच पुन्हा सुरू होणारी. दर वेळी वेगळी. शैलजानं केलेलं एकेक वळण त्यात होतं आणि ती आज ते पहिल्यांदा ऐकत होती.

सातव्या मिनिटाला वहिनी म्हणाली, “थांब गं, दूध उतरवते.” भांडं ठेवल्याचा आवाज आला. “आता उतू जात न्हाई बघ कधी.” मग ती उगाचच गुणगुणली. आणि धून संपता संपता फोनच्या दोन्ही टोकांना, वहिनीच्या आवाजात आणि शैलजाच्या आवाजात, एकदम सा लागला. दोघींपैकी कोणी ठरवलं नव्हतं. शैलजाचा आवाज लगेच पुढे म्हणाला, “अनारसेच कर. दादाला आवडतात.”

ध्वनिफीत तीस सा झाल्यावर संपली. शैलजा खाली बघत राहिली.

शेवटी विश्रामला बोलावलं. त्या दुपारी तो वर टेकाडावरच्या मारुतीच्या पारावर बसला होता. तिथून त्याच्या घराचं कौल दिसतं. घर पारापासून सहा मिनिटांवर.

“धून ऐकू आली होती का?” अधिकाऱ्यांनी विचारलं. सकाळपासून त्यांनी हा प्रश्न अडतीस जणांना विचारला होता आणि ते पुढचं नाव बघत होते.

“आली की.”

अधिकाऱ्यांनी यादीवरून मान वर केली.

“ऐकू आली?”

“एकूण एक सूर. माझीच सनई हाय, साहेब. सा नेमका लागत हुता.”

“मग तुम्ही उठला का नाही?”

विश्रामला प्रश्न समजला नसावा.

“सा लागल्यावर कशाला उठायचं?” तो म्हणाला.

प्राथमिक अहवाल दहा दिवसांतच आला; त्यात यंत्राला दोष दिला नव्हता. शैलजाच्या नावापुढे काही लिहिलेलं नव्हतं. रचनाकाराचा अधिकार करारानुसार वापरला गेला, असं एक वाक्य होतं. तिनं कुलूप उघडलं, सा काढला आणि पुन्हा कधी कुलूप घालता येणार नाही अशा कागदावर अंगठा दिला. रेहानानं तो कागद घडी करून ठेवला. ‘मी सांगितलं होतं’ असं ती एकदाही म्हणाली नाही. ती म्हणाली असती तर बरं झालं असतं, असं शैलजाला वाटत राहिलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शैलजा आणि विश्राम वरच्या गल्लीत, नातेवाइकांच्या ओसरीवर बसले होते. घाटाच्या गल्लीत अजून चिखल होता. सनई पेटीत होती, पेटी भिंतीशी होती. दोन आठवड्यांत दोघांत कामापुरतं बोलणं झालं होतं.

“दादा, मी ते पत्र उघडायला हवं होतं,” ती म्हणाली.

विश्राम अंगणाकडे बघत होता.

अकरा वाजले. धून सुरू झाली, दोनदा एकाच वाटेनं गेली, तिसऱ्यांदा वळली, चढली, समेच्या तोंडाशी आली आणि तुटली. रस्त्यावर सायकली थांबल्या. समोरच्या घरातली माणसं दारात येऊन उभी राहिली. विश्रामही उठून उभा राहिला होता. त्याचे ओठ किंचित जुळले. शैलजा त्याच्याकडे बघत थांबली. सगळी गल्ली थांबली होती. आता शिट्टी वाजवायला कोणी उरलं नव्हतं.

विश्रामनं ओठ सोडले.

“पुण्याची गाडी किती वाजता हाय तुझी?” त्यानं विचारलं.

“दीडला,” ती सांगू लागली, पण तोवर तो आत गेला होता.